लाइटवेट रोइंग ऑलिम्पिकमधून गेलं: ओपनमध्ये जायचं की थांबायचं, आणि थांबायचं तर कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, दहा वर्षं लाइटवेट डबल स्कल (वजनाची मर्यादा असलेली, दोघींनी वल्हवायची बोट), पॅरिस २०२४ नंतर तो प्रकारच ऑलिम्पिकमधून गेला. प्रशिक्षक म्हणतात वजन वाढवून ओपनमध्ये, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या गटात, ये. घरचे म्हणतात आता पुरे. कंबर अधूनमधून धरते. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘सोडलं तर सकाळी उठून करायचं काय, हेच कळत नाही.’

या प्रश्नात तीन वेगवेगळे निर्णय एकमेकांत अडकले आहेत. स्पर्धा कधी थांबवायची, शरीराला सरावातून बाहेर कसं काढायचं, आणि खेळाडू म्हणून चाललेलं आयुष्य पुढे कशावर चालवायचं. निवृत्त होणाऱ्या खेळाडूंसोबत काम करताना सगळ्यात जास्त नुकसान होताना दिसतं ते हे तिन्ही एकाच दिवशी संपवल्यामुळे. शेवटची शर्यत झाली, दुसऱ्या दिवशी सराव बंद, त्याच आठवड्यात शिबिराची खोली रिकामी, महिनाअखेर मानधन बंद. कुठलीही एक गोष्ट सोसता येते, चारही एकदम सोसवत नाहीत. म्हणून माझा सल्ला एवढाच आहे की या तिन्हींना वेगवेगळ्या तारखा द्या. कुठली तारीख आधी येईल, ते तुमच्या कंबरेवर, पैशांवर आणि बोटीतल्या जोडीदारणीवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही.

आधी ओपनचं बघू, कारण तिथे भावनेपेक्षा आकडे जास्त बोलतात. लाइटवेट महिलांमध्ये एकीचं वजन जास्तीत जास्त ५९ किलो आणि डबलमधल्या दोघींची सरासरी ५७. म्हणजे तुम्ही ५७-५८ च्या आसपास असणार. तुमचा अर्गवरचा (रोइंगच्या यंत्रावरचा) २००० मीटरचा वेळ तुम्ही दिलेला नाही, म्हणून हिशेबापुरता सात मिनिटं धरते. ५०० मीटरला १:४५, म्हणजे मॉनिटरवर साधारण ३०२ वॉट. ओपनमध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर गांभीर्याने विचार व्हायचा तर ६:४० च्या आसपास यावं लागतं, म्हणजे १:४० चा वेग आणि ३५० वॉट. वेळेत फरक फक्त वीस सेकंदांचा दिसतो, पण वेग वाढवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे हा फरक प्रत्यक्षात सोळा टक्क्यांचा आहे.

आता तुमचं वजन ५८ वरून ६५ वर गेलं आणि किलोमागे तुम्ही आजइतकीच शक्ती देत राहिलात असं धरलं, तरी सुमारे ३३८ वॉट होतात आणि वेळ ६:४५ च्या जवळ येतो. हे सगळं नीट जुळलं तर. प्रत्यक्षात वाढलेला प्रत्येक किलो तितकीच शक्ती देत नाही, आणि पाण्यावर जड बोट थोडी जास्त बुडते, ते वेगळंच. मुरलेल्या खेळाडूच्या शरीरावर सात किलो कामाचं वजन चढायला दोन वर्षं सहज जातात. शिवाय २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लाँग बीचच्या शर्यतींचं अंतर २००० ऐवजी १५०० मीटर आहे. छोट्या अंतरात निव्वळ ताकदीला किंचित जास्त भाव येतो, आणि ते तुमच्या बाजूचं नाही.

तरीही मी ‘जाऊ नका’ म्हणणार नाही. लाइटवेट खेळाडूंची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. बऱ्याच जणी वर्षानुवर्षं अर्धपोटी सराव करत आलेल्या असतात. त्यांची खरी कुवत किती, हे कधी मोजलेलंच नसतं. म्हणून सोळा आठवड्यांचा एक प्रयोग करा. पोटभर खा, आठवड्यातून तीन वेळा वजनं उचलण्याचा सराव ठेवा, पाण्यावरचे तास वाढवू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दीड-दोन किलो वाढतील. ते स्नायू नाहीत आणि चरबीही नाही; शरीरात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं, त्याचं ते वजन. घाबरून पुन्हा जेवण तोडू नका, इथेच बहुतेकींचा प्रयोग फसतो.

सोळाव्या आठवड्यात दोनच गोष्टी बघा. २००० मीटरचा वेळ निदान पाच-सहा सेकंदांनी सुधारला का? आणि कंबर दुखण्याचे दिवस वाढले का? रोज रात्री वहीत एक आकडा लिहा, शून्य ते दहा. नुसतं नीट खाऊन मिळणारी सुधारणाही मिळाली नाही, तर पुढची पंधरा सेकंद कुठून येणार? आणि वेळ सुधारला पण कंबरेचे आकडे चढत गेले, तर ते शरीराचं उत्तर समजा. दोन्ही चांगलं आलं तर प्रशिक्षकांचं ऐकायला भक्कम कारण आहे. हा निर्णय कधीही एका वाईट शर्यतीनंतरच्या आठवड्यात घेऊ नका, आणि चांगल्या शर्यतीनंतरच्या आठवड्यातही नको.

प्रयोग चालू असेपर्यंत निवृत्तीचं पत्र कुणालाही पाठवू नका. हे मुद्दाम सांगते, कारण इथे भावनेच्या भरात केलेली घाई पुढे महागात पडते. तुम्ही उत्तेजकविरोधी यंत्रणेच्या नोंदणीकृत टेस्टिंग पूलमध्ये (चाचणीसाठी कायम उपलब्ध राहावं लागणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) असाल तर एकदा निवृत्ती कळवल्यावर परत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला किमान सहा महिने आधी लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. सूट मिळू शकते, पण ती वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, हातात असते आणि तिच्या भरवशावर हंगाम आखता येत नाही. याच्या उलट चूकही तितकीच होते. खेळाडू मनाने निवृत्त होते, सगळ्यांना सांगते, पण यंत्रणेला लेखी कळवतच नाही आणि व्हेअरअबाउट्स, म्हणजे रोज कुठे सापडणार याची माहिती, भरायचं सोडून देते. कागदावर ती अजून पूलमध्येच असते. बारा महिन्यांत तीन वेळा माहिती न भरणं किंवा चाचणीसाठी रोज दिलेल्या ठरलेल्या तासात न सापडणं, हे मिळून नियमभंग होतो, शिक्षा साधारण दोन वर्षांची बंदी. सोडल्यावर बंदीने काय बिघडतं, असं वाटेल. पण बंदीच्या काळात प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही. म्हणून सही आणि तारखेचं पत्र द्या, पोच मागून घ्या, आणि पोच हातात येईपर्यंत रोजचा तो तास भरत राहा. जुने नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासले जाऊ शकतात, म्हणून औषधांच्या आणि इंजेक्शनांच्या नोंदीही फेकू नका.

परत येणं अशक्य नसतं. जलतरणपटू मायकल फेल्प्स २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर थांबला, २०१४ मध्ये परतला आणि रिओमध्ये पाच सुवर्णं जिंकला. टेनिसपटू किम क्लाइस्टर्स २००७ मध्ये थांबली आणि २००९ मध्ये यूएस ओपन जिंकली. पण टेनिसमधलाच ब्यॉन बोर्ग १९८३ मध्ये सव्विसाव्या वर्षी थांबला आणि १९९१ मध्ये परतला, तेव्हा मुख्य दौऱ्यावर त्याला एकही सामना जिंकता आला नाही. मधला काळ किती आणि त्या काळात शरीर कशात होतं, यावर बरंच ठरतं. म्हणून दार उघडं ठेवायचं असेल तर ते वर्ष-दीड वर्षापुरतं ठेवा, आणि तेवढा काळ सराव अगदी तुटू देऊ नका.

समजा थांबायचं ठरलं. आता शरीराचं.

रोइंगमध्ये आठवड्याला अठरा-वीस तासांचा सराव असतो. तो एकदम शून्यावर आणला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतं. हृदयाला प्रत्येक ठोक्यात कमी रक्त मिळतं, म्हणून ठोके वाढतात. उठल्याबरोबर ४४ असलेली नाडी ५५-६० वर दिसू लागते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात मुरलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवला, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तीन आठवड्यांत सात टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत सोळा टक्क्यांनी उतरली. हे अपेक्षित आहे, आजार नाही. पण एकदम थांबणाऱ्यांना धडधड, चक्कर, डोकं दुखणं, पोट बिघडणं, झोप न लागणं असे त्रास होतात, आणि ते सगळं मनावर घेतलं जातं.

म्हणून उतरतीचा सराव सहा महिन्यांचा आखा. पहिला महिना तेरा-चौदा तास, म्हणजे साधारण सत्तर टक्के. दुसरा आणि तिसरा महिना नऊ-दहा. त्यानंतर हळूहळू पाच-सहा तासांवर या आणि तिथे थांबा. कमी करताना आधी सत्रांची लांबी कमी करा, मग सत्रांची संख्या. आठवड्यातून एक सत्र थोडं जोराचं ठेवलं तर अंगातली क्षमता सावकाश उतरते आणि सवयही हळूहळू सुटते. वजनं उचलणं मात्र सोडू नका. तुमच्या कंबरेसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. बोट सोडली की कंबर आपोआप बरी होईल अशी सगळ्यांची समजूत असते, आणि पहिले सहा-आठ आठवडे तसं वाटतंही. पण पाठीचे आणि पोटाचे स्नायू सैल पडतात, त्यात दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसणं सुरू होतं, आणि दुखणं परत येतं. आठवड्यातून दोन वेळा हिप हिंज (पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं), डेडलिफ्ट, प्लँक आणि रोइंगच्या उलट्या दिशेचे पाठ मागे नेणारे व्यायाम पुढची वर्षानुवर्षं चालू राहायला हवेत.

संघाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोच असेपर्यंत तीन गोष्टी करून घ्या. पहिली, ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि दोन्हींचे अहवाल चित्रांसकट स्वतःकडे. दीर्घकाळ रोइंग केलेल्यांचं हृदय मोठं असतं. सराव सोडल्यावर भिंतींची जाडी बहुधा पूर्ववत होते, पण काहींच्या हृदयाचा कप्पा बरीच वर्षं मोठाच राहतो. पाच वर्षांनी एखाद्या तपासणीत अनोळखी डॉक्टरांना ते दिसलं की धावपळ सुरू होते. जुना इको हातात असला तर तुलना करून शंका लगेच मिटते. मात्र धडधडीबरोबर भोवळ, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर ‘सराव सुटल्यामुळे असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. दुसरी, कंबरेचा एमआरआय आणि आजवरच्या उपचारांची यादी. तिसरी, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. लाइटवेट महिलांमध्ये कमी खाण्यामुळे पाळी लांबते किंवा थांबते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. सलग तीन महिने पाळी आली नसेल तर निवृत्तीची वाट न बघता आत्ताच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

वजनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लाइटवेट खेळाडूंची निवृत्ती इथे इतरांपेक्षा वेगळी असते. शर्यतीच्या दोन ते एक तास आधीच्या त्या वजनकाट्याने दहा वर्षं तुमचं जेवण, पाणी आणि मूड ठरवला. तो काटा गेला की दोनपैकी एक होतं. काही जणी सुटल्यासारखं खातात, आणि सराव कमी झालेला असताना चार हजार कॅलरींची भूक तशीच राहते. काही जणी ५७ हाच आकडा ‘आपलं खरं वजन’ म्हणून धरून बसतात आणि कारण उरलेलं नसताना उपाशी राहत जातात. ५७ हा नियमाचा आकडा होता, तुमच्या शरीराचा नव्हे. पहिले तीन महिने रोज वजन करू नका, महिन्यातून एकदा पुरे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवा, आणि सराव जसा कमी होईल तसा आधी सरावाच्या वेळचा खुराक कमी करा, म्हणजे सत्राआधीचं, सत्रातलं आणि सत्रानंतरचं. मुख्य जेवणांना हात लावायची गरज बहुधा पडत नाही. पाच-सहा किलो वाढून स्थिरावणं अगदी स्वाभाविक आहे. लपवून खाणं, खाल्ल्यावर ओकणं, किंवा आरशासमोर जाणं टाळणं सुरू झालं तर खेळाडूंसोबत काम केलेल्या आहारतज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना दोघांनाही भेटा, एकाला नाही.

आता ‘सकाळी उठून करायचं काय’. हा प्रश्न लाजण्यासारखा मुळीच नाही. पहिले सहा-आठ आठवडे बहुतेकांचे छान जातात: झोप, नातेवाईक, राहिलेली लग्नं, फिरणं. त्रास तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सुरू होतो, आणि हंगामातली पहिली मोठी स्पर्धा तुमच्याविना पार पडते त्या आठवड्यात तो टोकाला जातो. ती तारीख तुम्हाला आजच माहीत आहे. त्या आठवड्यात एकटं राहू नका, आणि निकाल बघायचे की नाहीत हे आधी ठरवा.

खेळ तुम्हाला एकाच वेळी पाच गोष्टी देत होता: दिवसाची चौकट, रोज भेटणारी माणसं, मोजता येणारी प्रगती, अंग थकल्याचं समाधान आणि ओळख. या पाचांना एकच पर्याय शोधू नका, तो सापडत नाही. चौकट एखाद्या अभ्यासक्रमातून किंवा नोकरीतून येईल, माणसं दुसऱ्या एखाद्या गटातून, थकवा संध्याकाळच्या व्यायामातून. मोजता येणारी प्रगती लोक विसरतात आणि मग नोकरीत सहा महिन्यांनी अस्वस्थ होतात. तिथे निकाल दर सकाळी मॉनिटरवर दिसत नाही. म्हणून शिकण्यासारखं काहीतरी, ज्यात आठवड्याला आकडा हलतो, ते मुद्दाम जवळ ठेवा. ओळख सगळ्यात सावकाश बदलते, तिला घाई करू नका. अभिनव बिंद्राने बीजिंग २००८ मध्ये सुवर्ण जिंकल्यावर जाणवलेल्या पोकळीबद्दल उघडपणे सांगितलं आहे, आणि तो तर तेव्हा थांबलाही नव्हता. मोठं ध्येय संपलं की हे होतं, तुम्ही कमकुवत आहात म्हणून नव्हे. २०१९ मधल्या एका एकत्रित आढाव्यात निवृत्त खेळाडूंपैकी सुमारे २६ टक्क्यांमध्ये चिंता किंवा नैराश्याची लक्षणं आढळली. दोन आठवड्यांहून जास्त झोप बिघडलेली, दारू किंवा वेदनाशामक गोळ्या वाढलेल्या, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, असं झालं तर मदत घ्या. जगणं नकोसं वाटलं तर त्याच तासाला जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

कामाबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. पहिल्या सहा महिन्यांत आपल्याच क्लबमध्ये प्रशिक्षकाची नोकरी घेऊ नका, पैशांची अगदीच अडचण नसेल तर. तोच धक्का, त्याच बोटी, तीच पहाट, फक्त तुम्ही किनाऱ्यावर. खेळ सुटत नाही आणि शिकवणंही मनापासून होत नाही. वर्षभराने त्याच कामावर आलात तर चांगल्या प्रशिक्षक व्हाल. तोवर आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या) ॲथलीट३६५ या खेळाडूंसाठीच्या उपक्रमातला करिअर+ विभाग बघा, उच्च पातळीवर खेळलेल्यांसाठीच तो आहे. बायोडेटात ‘शिस्त, जिद्द, सांघिक भावना’ लिहू नका, ते सगळेच लिहितात. ‘चार वर्षांची योजना, तिचे आठवड्याचे टप्पे, रोजच्या नोंदी आणि त्यावरून केलेले बदल’ असं नेमकं लिहा.

पत्र देण्याआधी करार काढून वाचा. मानधन कुठल्या तारखेपासून थांबतं, विमा त्याच दिवशी संपतो की महिनाअखेर, बोट-वल्ही-कपडे काय परत करायचं, प्रायोजक तुमचा फोटो किती काळ वापरू शकतो. कंबरेवरचे उपचार विम्यात बसत असतील तर ते आधी पूर्ण करून घ्या, मग तारीख द्या. हाताशी सहा महिन्यांचा खर्च असेल तर बाकीचे निर्णय शांतपणे घेता येतात. नसेल तर नोकरी आधी शोधा आणि निवृत्ती नंतर जाहीर करा.

सांगण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी जोडीदारणीला, समोरासमोर. तुमच्या निर्णयावर तिचाही हंगाम अवलंबून आहे आणि तिला हे इतर कुणाकडून कळता कामा नये. मग प्रशिक्षक, मग महासंघ आणि उत्तेजकविरोधी यंत्रणा, आणि सगळ्यात शेवटी बाकी जग.

तुमचा अर्गचा सध्याचा वेळ, एमआरआय झाला असेल तर त्यातलं निदान, आणि पाळी नियमित आहे का, एवढं लिहिलंत तर सोळा आठवड्यांचा प्रयोग तुमच्यासाठी योग्य आहे की नाही ते जास्त नेमकं सांगता येईल. मणक्यातल्या चकतीचा त्रास असून दुखणं पायात उतरत असेल, तर प्रयोग सुरू करू नका, आधी पाठीच्या तज्ज्ञांना दाखवा.